सगळ्यांची बाटली

मालन मेस्त्री खुर्चीच्या कडेवर बसून होती. समोरचा चहा कधीचा गार झाला होता.

“उद्या अकराला बोलावलंय विनीतला,” ती म्हणाली. “येताना दोन जोडी कपडे घेऊन ये म्हणाले. कपडे कित्याक लागतत ता माका कळना नाय काय, जयवंतभाऊ?”

जयवंत घाडीला चांगलं कळत होतं. तेहतीस वर्षं पोलिसात काढून तो हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. कपडे घेऊन आलेली माणसं त्या रात्री घरी जात नाहीत, हे त्याने पुष्कळदा पाहिलं होतं. तो नुसताच खाकरला.

“माझो झील, माझो विनीत, असला काय करूचो नाय,” मालन म्हणाली. मग टेबलामागच्या सुचित्राबाईंकडे वळून ती सावरून बोलू लागली. “बाई, त्याने मारलं नाही. पण तो बोलतच नाही हो. पोलिसांशी नाही, माझ्याशी नाही. विचारलं की भिंतीकडे बघत बसतो.”

सुचित्रा केरकर पन्नाशीच्या. विम्याच्या कंपनीत खोटे दावे पकडण्यात पंचवीस वर्षं घालवलेल्या. आता परळला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं खाजगी चौकशीचं ऑफिस होतं, आणि लालबागचा जयवंत गेली तीन वर्षं त्यांच्या हाताखाली. डोकं त्यांचं, पाय याचे, अशी सरळ वाटणी.

“पहिल्यापासून सांगा,” त्या म्हणाल्या.

मालनने सांगितलं. तिचा मुलगा विनीत एका मोठ्या हॉटेलात बारवर होता. चार वर्षांपूर्वी त्याला गिरगावच्या मनमोहन विजयकर वकिलांनी आपल्या बैठकीत घेतलं. दर रविवारी दुपारी चौघं जमायचे. विजयकर, त्यांचा मावसभाऊ विक्रांत धैर्यवान, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी कादंबरी जयकर आणि विनीत. छंद एकच. अमेरिकेतली बर्बन व्हिस्की.

“मक्याची दारू,” मालन म्हणाली. “पिऊन पडायचं नाही म्हणे. वास घ्यायचा, घोटभर चाखायची आणि वहीत लिहायचं.”

जयवंतने तोंड वाकडं केलं. त्याच्या गळ्यात माळ होती. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या बापाने दारूलाच नोकरी समजून रोज हजेरी लावली होती आणि तीन वर्षांत आटोपला होता. त्याने काय वहीत लिहिलं नव्हतं.

“त्यांची एक रीत आहे,” मालन पुढे म्हणाली. “कुठलीही बाटली संपत आली की तळाचा घोट एका मोठ्या बाटलीत ओतायचा. तिला ते सगळ्यांची बाटली म्हणतात. बारा वर्षांची आहे. ओतलं की रात्रभर मुरू द्यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्यातली थोडी फक्त विजयकरसाहेबांनी घ्यायची आणि कशी लागली ते बाकीच्यांना कळवायचं. या रविवारी विनीतची बाटली संपली. त्याने घोट ओतला. सोमवारी बाराला साहेबांनी घेतली, आणि हॉस्पिटलात नेईपर्यंत...” तिने पदर तोंडाला लावला. “बाटलीत ढेकणांचं औषध सापडलं. तसलंच औषध आमच्या मोरीखाली होतं. आमच्या चाळीत कोणाकडे नाही ते, सांगा बघू!”

“उद्या अकरा,” सुचित्राबाई म्हणाल्या. “चला, हवालदार.”

---

विनीत चाळीच्या गॅलरीत उभा होता. चौतीस वर्षांचा, उंच, डोळे सुजलेले. बाहेर जानेवारीतलं धुरकं इतकं दाट होतं की समोरचे टॉवर अर्ध्यातच संपल्यासारखे दिसत होते.

“तुझ्या बाटलीत काही होतं?” सुचित्राबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग तुला काय वाटतं, औषध आलं कुठून?”

त्याने मान खाली घातली.

“तुझ्या साहेबांचं नाक म्हणे मुंबईत एक नंबर होतं. त्यांना कळलं कसं नाही रे?”

“त्याबद्दल मी काही बोलणार नाही, मॅडम. मला नेऊ दे पोलिसांनी.”

जयवंतचा पारा चढला. “अरे आई बघ तिकडे रडून रडून अर्धी झाली! तुझ्या गप्प राहण्याचं काय लोणचं घालायचंय?”

पण पोरगा हलला नाही. जिना उतरताना जयवंत म्हणाला, “बाई, मला लक्षण काही बरं दिसत नाही. निर्दोष माणूस ओरडतो.”

“किंवा त्याला वाटतं, आपण दोषी आहोत,” सुचित्राबाई म्हणाल्या. “दोन्हीत फरक आहे.”

तपास इन्स्पेक्टर रश्मी तावडेंकडे होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या जयवंतच्या हाताखालून गेल्या होत्या, म्हणून फोनवर नीट बोलल्या. ती बाटली ठाण्यात उघडली तेव्हा दोन शिपाई नाक दाबून बाहेर पळाले, म्हणाल्या.

“त्यात काय?” फोन ठेवून जयवंत म्हणाला. “दारू म्हटली की घाण मारायचीच. त्यात औषधाचा वास कोणाला वेगळा कळणार?”

“हवालदार, तुम्ही पीत नाही म्हणून असं म्हणता. तावडेबाईही पीत नाहीत. म्हणूनच ही केस इथवर आली,” सुचित्राबाई म्हणाल्या, आणि टॅक्सीला हात केला.

---

ठाकूरद्वारला विजयकरांच्या फ्लॅटमध्ये माणसं होती, पण आवाज नव्हता. शकूताई विजयकर सोफ्यावर बसल्या होत्या. कादंबरी जयकर सोमवारपासून त्यांच्याजवळच राहत होती. भिंतीच्या कपाटात सत्तर-ऐंशी बाटल्या ताठ उभ्या होत्या, आणि कपाटाच्या दारावर लाकडी बुचांची लांबलचक माळ लटकत होती.

“नवीन बाटली उघडली की तिचं बूच मी तारीख घालून ओवते,” कादंबरी म्हणाली. पंचेचाळिशीची, आवाज खालावलेला. “बारा वर्षांत एक चुकलेलं नाही. त्या बाबतीत आम्ही अगदी सोवळे.”

“हवालदार, शेवटची बुचं वाचा बघू.”

जयवंतने दोन बोटांत माळ धरली. “पाच जानेवारी, दोन. बारा जानेवारी, एक. एकोणीस, दोन. सव्वीस, एक.”

सुचित्राबाई शकूताईंजवळ जाऊन बसल्या. “सोमवारचं सांगवेल?”

“सांगते.” शकूताई समोरच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे बघत बोलू लागल्या. “साडेनवाला विक्रांत आला, पुस्तक परत द्यायला. दहाला कादंबरी आली, चष्मा विसरली होती. दोघंही आपली आपण या खोलीत आली, घरचीच माणसं. हे आत कागद बघत होते, मी स्वयंपाकघरात. बाराला यांचा पेला पडल्याचा आवाज आला. धावत आले तर खोलीत औषधाचा असा भपकारा, मला वाटलं पेस्ट कंट्रोलवालाच येऊन गेला. आणि हे...” त्या थांबल्या. “यांच्या नाकाला तर माझे बोंबील चालायचे नाहीत हो. पस्तीस वर्षं कटकट. खिडक्या लाव, पंखा लाव, कपड्यांना वास लागतो. चार वर्षांपूर्वी करोनातून उठले आणि कटकटच बंद झाली. समोर बसून खायचे. मी म्हटलं, मरणाच्या दारातून आल्यावर माणसाला बायकोचा हात गोड लागायला लागला.”

सुचित्राबाई कादंबरीकडे वळल्या.

“कादंबरीताई, रविवारी विनीतने घोट ओतला. मग?”

“मग नेहमीसारखी बाटली हातोहात फिरली. ओतल्यावर सगळ्यांनी एकदा वास घ्यायचा असतो. मी घेतला, विक्रांतने घेतला, सरांनी घेतला. छान होता.”

“पोलिसांना सांगितलंत?”

“सांगितलं ना! ते म्हणाले, व्हिस्कीच्या वासात औषधाचा कळला नसेल.”

“साहेबांकडून बाटल्या पारखून घ्यायला बाहेरचे लोकही यायचे?”

“हो तर. कोणी जुनी दुर्मीळ बाटली विकत घेणार असेल तर आधी इथे यायचं. सर थेंबभर चाखून ‘अस्सल आहे’ म्हणाले की पक्कं. बहुतेक बाटल्या विक्रांतच आणायचा. त्याच्या ओळखी फार.”

“आणि तुमच्या रिकाम्या बाटल्या?”

“त्या फोडायच्या, असा नियम आहे. नाहीतर त्यात भलतंच भरून लोक विकतात. विक्रांत घेऊन जातो फोडायला. दातांचा डॉक्टर आहे, दवाखान्याच्या काचेबरोबर जातात.”

जयवंत तोवर टेबलावरची जाड वही चाळत होता. विजयकरांचं अक्षर सुरेख होतं. जुन्या पानांवर होतं: व्हॅनिला, जर्दाळू, जुन्या कोर्टातल्या चामडी खुर्च्या. करोनानंतरच्या पानांवर मात्र तो अडकला. चुलीत भाजलेल्या आठळ्या. उन्हात वाळत घातलेली आमसुलं. पावसात भिजलेलं सुंभ. त्याला एकदम मालवणच्या घराची पडवी आठवली. आजी राखेतून फणसाच्या आठळ्या काढून हातावर नाचवायची. बारा-पंधरा वर्षांत तो वास त्याच्या मनातही आला नव्हता.

“वकीलसाहेबांचं आजोळ कोकणात का?” त्याने विचारलं.

“छे! सात पिढ्या गिरगावात,” शकूताई म्हणाल्या. “आठळी कशाला म्हणतात ते तरी ठाऊक होतं की नाही कोण जाणे.”

“कमाल आहे,” म्हणत जयवंतने पान उलटलं. सुचित्राबाईंनी हात पुढे करून वही घेतली आणि शेवटच्या काही पानांवर बराच वेळ घालवला.

“बारा जानेवारीला इथे काय झालं होतं?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“त्या दिवशी आंधळी चाखणी होती,” कादंबरी म्हणाली. “म्हणजे बाटल्या कागदात गुंडाळून आणायच्या आणि नाव न बघता ओळखायच्या. विक्रांतने आणल्या होत्या, तीन.”

“विनीत?”

“त्याला ड्यूटी होती. तो नसला की चुकल्यासारखं होतं. उतावळा आहे, सगळ्यांत आधी काय वास आला ते बडबडून टाकतो. मग सर शेवटचा शब्द बोलायचे.”

“तुम्ही ओळखल्यात तिन्ही?”

कादंबरी ओशाळली. “खरं सांगू? मला तिन्ही सारख्याच लागल्या. वाटलं आपलीच जीभ गेली. सरांनी इतक्या खात्रीने तिघींतला फरक सांगितला, मग मी कशाला बोलते!”

---

विक्रांत धैर्यवानचा दवाखाना दादरला होता. छप्पन्न वर्षांचा, गोरा, केस नीट रंगवलेले. त्याने पेशंट थांबवून दोघांना आत घेतलं.

“मनूदादा गेला, माझा थोरला भाऊच गेला,” तो म्हणाला. “मी सुरुवातीपासून सांगत होतो, बारवरच्या पोराला घरात घेऊ नकोस. साडेतीनशे रुपयांचं औषध आणि सोन्यासारखा माणूस!”

“विनीतने का मारावं?”

“त्याला विचारा. मनूदादा त्याला शनिवारी काहीतरी बोलला असणार. शनिवारी दोघं दार लावून बसले होते, वहिनीने सांगितलं मला.”

“सोमवारी तुम्ही गेला होतात.”

“पुस्तक द्यायला. पाच मिनिटं. कादंबरीही गेली होती, आणि तिच्या लॅबमध्ये विषांची काही कमी नाही, हे मी आपलं सांगून ठेवतो.”

“बारा तारखेच्या चाखणीचं सांगा ना. मला या छंदातलं काही कळत नाही.”

त्याचा चेहरा जरा खुलला. “तीन बर्बन होत्या. एक गव्हाची, एक राय नावाच्या धान्याची, एक नुसती मक्याच्या जोरावरची. तिन्ही नव्याकोऱ्या. त्यांच्या जेवणघरात उघडल्या आणि कागदात गुंडाळून बाहेर आणल्या. मनूदादाने तिन्ही बरोबर ओळखल्या. काय नाक होतं!”

“आणि बुचं?”

“दिली की कादंबरीला. नियम म्हणजे नियम.”

खाली रस्त्यावर आल्यावर जयवंत म्हणाला, “बाई, ही कादंबरी. रसायनशास्त्र शिकवते, सोमवारी गेली होती, चष्मा विसरल्याचा बहाणा. मी तर म्हणतो...”

“तावडेबाईंना फोन लावा,” सुचित्राबाई म्हणाल्या. “त्यांना म्हणावं, आज संध्याकाळी एका ठिकाणी झडती घ्या, आणि उद्या अकराच्या ऐवजी साडेनऊला ठाकूरद्वारला या. सगळ्यांना घेऊन. ती बाटलीही आणा.”

---

शुक्रवारी सकाळी साडेनऊला विजयकरांच्या हॉलमध्ये सगळे जमले. शकूताई आणि कादंबरी सोफ्यावर. विक्रांत खिडकीपाशी. मालन आणि विनीत दाराजवळच्या खुर्च्यांवर, विनीतच्या पायाशी कपड्यांची पिशवी. इन्स्पेक्टर तावडे आणि दोन शिपाई. आरामखुर्ची कोणी घेतली नाही.

“तावडेबाई, बाटलीचं बूच काढा,” सुचित्राबाई म्हणाल्या.

बूच निघालं आणि दहा सेकंदांत कादंबरीने रुमाल नाकाला लावला. मालन तोंड फिरवून खोकली. जयवंतलाही कळलं, आणि आपण काल काय बोललो होतो ते आठवून तो खजील झाला. हा दारूचा वास नव्हता. दारूचा वास तो लहानपणापासून ओळखत होता.

“बास. लावा परत,” सुचित्राबाई म्हणाल्या. “रविवारी ही बाटली चौघांच्या हातून फिरली, आणि कोणाला काही जाणवलं नाही. म्हणजे तेव्हा तिच्यात औषध नव्हतं. ते सोमवारी सकाळी पडलं. सोमवारी विनीत पहाटे सहापासून हॉटेलात होता.”

मालनच्या तोंडून हुंदका निघाला. विनीतने मान वर केली, पण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

“आता दुसरा प्रश्न. मुंबईतलं सगळ्यात तेज नाक असलेला माणूस अशी बाटली उघडतो, पेल्यात ओततो, वास घेतो आणि पितो. कसं शक्य आहे? एकाच तऱ्हेने. त्यांना वास येत नव्हता.”

“काय बोलताय!” कादंबरी म्हणाली.

“चार वर्षांपासून. करोनाने त्यांचं नाक नेलं ते परत आलंच नाही. बोंबलांची कटकट थांबली ती त्याच महिन्यात. आणि वहीत बघा. आधीच्या पानांवर त्यांचे शब्द आहेत, नंतरच्या पानांवर दुसऱ्या कोणाचे तरी. आठळ्या, आमसुलं, सुंभ. काल आमच्या हवालदारांना ती पानं वाचून गावचं घर आठवलं. इथे जमणाऱ्यांत कोकणी घरातला एकच जण. तो सगळ्यांच्या आधी बडबडायचा, उतावळा म्हणून नव्हे. साहेबांनी ऐकावं म्हणून.”

सगळ्यांचे डोळे विनीतकडे गेले. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“विनीत, आता तू बोल,” सुचित्राबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “शनिवारी काय झालं?”

मालनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “बोल रे बाबा.”

“आमच्या हॉटेलात एक गिऱ्हाईक आलं होतं,” विनीत शेवटी म्हणाला. “त्याने खूप जुनी बर्बन घेतली होती, साहेबांनी ‘अस्सल’ सांगितलं म्हणून. त्याने मला थोडी दिली. ती जुनी नव्हती. साधी, स्वस्तातली, जुन्या बाटलीत भरलेली. मी नसताना कोणीतरी साहेबांकडून पास करून घेतली होती. मी शनिवारी साहेबांना सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, उद्याची बैठक होऊ दे, त्याच्या पुढच्या बैठकीत सगळं सांगून टाकीन, माझंही आणि माल आणणाऱ्याचंही. आणि सोमवारी...” त्याने आरामखुर्चीकडे पाहिलं. “मला वाटलं, त्यांनी स्वतःच घेतलं. लाज वाटली म्हणून. मी सांगितलं म्हणून! मी नसतं सांगितलं तर ते जिवंत असते. मग मी कोणत्या तोंडाने बोलू? आणि बोललो तर चार वर्षं जे लपवलं ते चव्हाट्यावर येणार.”

“वेड्या,” मालन म्हणाली. “वेड्या रे.”

“त्यांनी स्वतः घेतलं नाही,” सुचित्राबाई म्हणाल्या. “मरायला निघालेला माणूस बारा वर्षांची सगळ्यांची बाटली नासवत नाही. आपल्या पेल्यात टाकतो. औषध बाटलीत टाकलं, कारण संशय विनीतच्या घोटावर जायला हवा होता. आणि हे फक्त त्यालाच सुचेल, ज्याला पक्कं ठाऊक होतं की मनमोहनना वास येत नाही. नाहीतर बाटली उघडताच बेत फसला असता. सोमवारी घरात तिघं होती. शकूताईंना ठाऊक नव्हतं. असतं, तर बोंबलांची गोष्ट त्यांनी आपण होऊन सांगितली नसती. कादंबरीताईंना ठाऊक नव्हतं. बारा तारखेला साहेब फरक सांगताहेत म्हणून त्यांनी स्वतःच्या जिभेला दोष दिला.”

विक्रांत खिडकीपासून वळला. “आणि मला कसं ठाऊक असणार?”

“बारा तारखेला तुम्ही परीक्षा घेतलीत. विनीत नसलेला रविवार मुद्दाम निवडलात. कागदात गुंडाळलेल्या तिन्ही बाटल्यांत एकच व्हिस्की होती. कादंबरीताईंना तिन्ही सारख्या लागल्या, कारण त्या सारख्याच होत्या. मनमोहननी तीन निराळी वर्णनं केली. ती वहीत आहेत, शब्द न् शब्द जुन्या पानांवरून उचललेली. बिचाऱ्यांकडे विनीत नसताना दुसरा आधार नव्हता. त्या दिवशी तुमची खात्री पटली.”

“काहीतरीच! तीन बाटल्या होत्या. गहू, राय...”

“तिन्ही नव्याकोऱ्या, तिथेच उघडलेल्या, बुचं नियमाप्रमाणे दिलेली. काल तुम्हीच सांगितलंत. डॉक्टर, तीन बाटल्यांची तीन बुचं होतात. माळेत बारा तारखेचं बूच एकच आहे. एक नवी बाटली उघडून तुम्ही तीच आणखी दोन रिकाम्या बाटल्यांत वाटलीत. बाकीच्या दोन बाटल्यांना द्यायला बूच नव्हतंच. त्या आधीच उघडलेल्या असतील, असं समजून कादंबरीताईंनी त्यांची बुचं मागितली नाहीत. एकही दिलं नसतंत तरी थाप मारून भागलं असतं. पण बारा वर्षांची सवय. नवी बाटली उघडली की बूच द्यायचं. हात आपोआप पुढे गेला.”

विक्रांतने खुर्चीची पाठ धरली.

“फोडायच्या म्हणून नेलेल्या अकरा रिकाम्या बाटल्या काल तुमच्या दवाखान्यातल्या कपाटात धडधाकट सापडल्या,” तावडेबाई म्हणाल्या. “नवी सीलंही. आणि औषधाचं बिल तुमच्या कंपाउंडरने दाखवलं.”

“नाक गेलेल्या परीक्षकाकडून तुम्ही विनीत नसताना खोटा माल पास करून घेतलात,” सुचित्राबाई म्हणाल्या. “आणि या रविवारी मनमोहननी तुम्हाला सांगितलं असणार, की आता सगळं उघड करणार आहे.”

विक्रांत खुर्चीत बसला. रंगवलेल्या केसांखाली त्याचं तोंड एकदम म्हातारं दिसायला लागलं. “मी त्याच्या पाया पडलो,” तो म्हणाला. “म्हटलं, मनूदादा, तुझं झाकून राहील, माझंही झाकून राहील. म्हणाला, नको. चार वर्षं खोटं बोलून दमलो रे मी, म्हणाला. त्याला हलकं व्हायचं होतं. माझं काय? मी तोंड कुठे दाखवणार होतो?”

शिपायांनी त्याला उठवलं. शकूताईंच्या समोरून जाताना तो थबकला, पण त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

दार लागलं. मालनने पोराच्या पायाजवळची कपड्यांची पिशवी उचलून घट्ट पोटाशी धरली. खरं तर आता घरी जायला हरकत नव्हती. पण कोणाचाच पाय निघेना. जयवंतला वाटलं होतं, मुलगा सुटला की आपल्याला बरं वाटेल. वाटत नव्हतं.

विनीत शकूताईंपुढे जाऊन जमिनीवर बसला. “काकी, मला माफ करा. त्यांचं असं सगळ्यांसमोर यायला नको होतं.”

शकूताई त्याच्याकडे वाकल्या.

“चाळीस वर्षांचा संसार,” त्या म्हणाल्या. “समोर बसून जेवत होते. आणि तुला सांगितलं, मला नाही. का रे? मला का नाही सांगितलं?”

“मी विचारलं होतं एकदा,” विनीत म्हणाला. “म्हणाले, शकूला कळलं तर ती रडेल. आणि ती रडलेली मला बघवत नाही.”

शकूताईंनी पदराने डोळे पुसले, पुन्हा पुसले, मग पुसायचं सोडून दिलं.

“मग आता काय करतेय मी?” त्या म्हणाल्या.

मालन उठली आणि पिशवी खाली ठेवून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.